खोडीचं भिंग

१

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी फोटोग्राफर शिझुओ मोमोसे आपलं बिऱ्हाड नगरभवनाच्या वरच्या मजल्यावर हलवायचा. राखाडी पडदा, बिनपाठीचं स्टूल, तिपाई, आणि खिडकीतला उजेड चेहऱ्यावर परतवायला पांढरं कापड ताणलेली एक चौकट. सामान मांडून होतं न होतं तोच ओकाया गावातली म्हातारी मंडळी जिना चढून यायला लागायची. बायका पावडर लावून, पुरुष कपाटाचा वास येणारे कोट चढवून. अंत्यविधीला फुलांच्या मधोमध जो फोटो ठेवतात, तो आपण धडधाकट असतानाच काढून घ्यायची पद्धत तळ्याकाठच्या या गावांत चांगलीच रुळली होती. नाही काढला तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. ऐन धावपळीत पोरं सहलीच्या घोळक्यातलं एक डोकं कापून मोठं करतात, आणि माणूस आपल्याच अंत्यविधीला दुसऱ्या कुणाचा तरी खांदा कानाशी घेऊन हजर राहतो.

डिजिटल कॅमेरे येऊन बरीच वर्षं झाली होती, पण हे फोटो शिझुओ अजून फिल्मवरच काढायचा. त्या मंगळवारी कॅमेऱ्यावर नवी लेन्स होती. नवी म्हणजे त्याला नवी. शेजारच्या गावात त्याच्या मित्राचं, कारासावाचं, जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. निम्मं गाव काच घासून पोट भरायचं त्या काळात कारासावाची उमेद एका लेन्सच्या कारखान्यात गेली होती. लेन्सबद्दल तो असा बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, गल्लीतल्या माणसांबद्दल चाललंय. ही लाजाळू आहे, कडेला अंग चोरते. ही भांडकुदळ, उजेड समोर आला की अंगावर येते. ही अगदी सरळ, तिच्यात काही खोडच नाही.

"आणि खोड नसलेलं भिंग फक्त पासपोर्टच्या फोटोला बरं," असं म्हणून तो ते बाजूला सारायचा.

ही लेन्स त्याने काउंटरखालून काढून दिली होती. काळी, आखूड, हाताला जड. वर कुठल्याच कारखान्याचं नाव नाही.

"हिची खोड काय?" शिझुओने विचारलं होतं.

"मी सांगणार नाही. तू डोळ्याला लाव, माणूस बघ, मग येऊन तूच मला सांग."

त्या दिवशी स्टुलावर पहिली बसली ओबिनाता आजी. नव्वदीला टेकलेली, तोंडाने फटकळ.

"सुरकुत्या जरा आवरत्या घे," ती म्हणाली. "आमचे हे साठीच्या आतच गेले. वर गेल्यावर त्यांनी मला ओळखायला नको?"

शिझुओ हसत कॅमेऱ्याला डोळा लावून उभा राहिला, आणि त्याचं हसू थांबलं. आजीची पापणी न् पापणी दिसत होती. डोळ्यांत ओल होती, मिश्कीलपणा होता, आणि त्यामागे एक जुनी भीतीही होती. कानापाशी चेहरा लोण्यासारखा विरघळत गेला होता. खिडकीबाहेरच्या झाडातले उजेडाचे कवडसे मोठाली वर्तुळं होऊन तिच्या डोक्याभोवती गोलाकार रचले गेले होते. मागचं सगळं जग त्या एका चेहऱ्याला प्रदक्षिणा घालतंय असं वाटत होतं.

"झोपलास का रे?" आजी म्हणाली.

त्याने बटण दाबलं.

२

घराच्या पुढच्या भागात स्टुडिओ आणि मागे संसार, अशी मोमोसेंची जुनी मांडणी होती. फोटो शिझुओ काढायचा, धुवायचा. त्यावरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने बुजवायचं काम त्याची बायको किनुको करायची. तिच्या हाताखालून हजारो अनोळखी चेहरे गेले होते, आणि चेहऱ्यांचं तिला काही वाटेनासं झालं होतं. पण ओबिनाता आजीचा फोटो समोर आल्यावर ती ब्रश हातात धरून तशीच बसून राहिली.

"ही मला आत्ता काहीतरी बोलेल," ती म्हणाली.

"लेन्स चांगली आहे."

"मला कधी बसवणार तुम्ही हिच्यासमोर?"

"तुला कशाला आत्तापासून?"

"मेल्यावर लावायला नाही हो. असाच." ती पुन्हा कामाला लागली. "लग्नाला एवढी वर्षं झाली, आणि गावातली प्रत्येक म्हातारी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळ बघितली असेल."

शिझुओ हसला आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

फोटो न्यायला आजीची सून तोशिए आली. चौकट हातात घेतली आणि तिचे डोळे भरून आले. सासूशी तिचं फारसं पटत नाही हे अख्ख्या ओकायाला माहीत होतं.

"अशाच आहेत त्या," ती म्हणाली. "म्हणजे अशाच असतात, पण रोज दिसत नाहीत."

शिझुओने कमरेत वाकून नमस्कार केला. इतकं समाधान त्याला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. त्या आठवड्यात तो कारासावाकडे मुद्दाम गेला आणि म्हणाला, "हिची खोड कळली. ही माणसातलं सगळं काढून घेते."

कारासावा खूश झाला. दोघांनी त्यावर एक बाटली संपवली.

३

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, दुपारी, सुपरमार्केटच्या सरकत्या काचेच्या दारापाशी शिझुओ कुणावर तरी आदळता आदळता वाचला.

"डोळे घरी ठेवून आलास का?" आवाज आला, तेव्हा त्याला कळलं की समोर ओबिनाता आजी उभी आहे.

"माफ करा. दिसलातच नाही तुम्ही."

"तुझीही तीच गत? बरं झालं आलास. हे दार माझ्यासाठी उघडतच नाही हल्ली. कुणी आलं की त्याच्या मागोमाग शिरते." दार उघडलं तशी ती त्याच्या सावलीने आत आली. "हलकी झाले असेन. घरीही जेवायला हाक मारायची विसरतात. तुझ्या फोटोचं मात्र फार कौतुक आहे हो. सून सकाळ-संध्याकाळ पुसते त्याला. तेवढं मला कुणी पुसलं असतं, तर अंघोळीचा त्रास वाचला असता."

शिझुओ हसला. पण तिच्याशी बोलताना एक गोष्ट त्याला खटकत राहिली. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर ठरत नव्हती. नाकावर आणावी तर ती घसरून मागच्या संत्र्यांच्या ढिगावर जायची. संत्री स्वच्छ दिसत होती, एकेका संत्र्यावरची खाच दिसत होती. तिचा चेहरा मात्र जवळ असूनही पुसट होता. फोकस चुकलेल्या फोटोत पुढचा माणूस दिसतो, तसा.

पैसे द्यायच्या रांगेत आजी त्याच्या पुढे होती. काउंटरवरच्या पोरीने तिच्या डोक्यावरून शिझुओकडे बघून विचारलं, "पिशवी हवी का?"

त्याच आठवड्यात त्याने डोळे तपासून घेतले. डॉक्टरीण म्हणाली, वयाच्या मानाने उत्तम आहेत. बाहेर पडताना शिझुओने स्वतःची समजूत घातली. म्हाताऱ्या बाईकडे कुणी लक्ष देत नाही, यात नवल ते काय? दारं बिघडतात. काउंटरवरच्या पोरी आपल्याच तंद्रीत असतात. हे सगळं खरंच होतं.

पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी ती लेन्स घरी ठेवावी असं त्याच्या मनात आलं. पण जिन्यावर रांग लागली होती. तोशिएने दाखवलेला फोटो बघून पलीकडच्या गावांतूनही माणसं आली होती. त्याने लेन्स लावली. त्या दिवशीचे फोटो पहिल्यापेक्षाही सरस आले.

४

हिवाळ्याच्या तोंडाशी तो ओबिनातांच्या घरी गेला. जाताना बरोबर सफरचंदं नेली. इकडून जात होतो म्हणून डोकावलो, असं त्याने तोशिएला सांगितलं. ते खोटं होतं.

बाहेरच्या खोलीत कोनाड्यात आजीचा फोटो होता. काळी फीत नव्हती, उदबत्ती नव्हती. पण समोर चहाचा पेला होता. त्यातून वाफ निघत होती. बाजूला ताटलीत मुळ्याचं लोणचं, तेही बारीक चिरलेलं, दात नसलेल्या माणसाला चावता येईल असं.

"आजी कशा आहेत?" शिझुओने विचारलं.

"मजेत आहेत," तोशिए म्हणाली आणि फोटोकडे बघून हसली. "बघा ना. आज अगदी प्रसन्न दिसताहेत."

"नाही, म्हणजे... त्या स्वतः."

तोशिएने त्याच्याकडे बघितलं. तिला प्रश्न कळला नव्हता. ती आडून बोलत नव्हती, लपवतही नव्हती. तिच्या चेहऱ्यावर नुसता साधा गोंधळ होता. मग तिने त्याच्यापुढे चहा ठेवला.

तेवढ्यात आतल्या बंद, कागद ताणलेल्या सरकत्या दारामागून आवाज आला. गादी चटईवरून ओढल्यासारखा, थोडासा. मग थांबला. मग एक खोकला, कोरडा, घशात काही नसताना येतो तसा. आणि त्यानंतर दाराच्या कागदावर बोटाने टिचकी मारल्यासारखं काहीतरी. एकदा, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा.

"वारा आहे," तोशिए म्हणाली. "तळ्यावरून येतो. हे घर जुनं झालंय."

दार शिझुओच्या हाताच्या अंतरावर होतं. बसल्या जागेवरून हात लांब केला असता तरी सरकवता आलं असतं. आत आजी बसली असेल, आपल्याला बघून काहीतरी तिखट बोलेल, आणि सगळं तिथेच संपेल, असं तो मनाशी म्हणाला. लगेच दुसरा विचार आला. दार सरकवलं, आणि आत आपल्याला कुणीच दिसलं नाही, आणि तरीही खोकला आला तर?

परक्याच्या घरात आपण होऊन दार उघडणं बरं दिसत नाही. त्याने तेच कारण पकडलं. चहा संपवला, वाकून नमस्कार केला आणि तो बाहेर पडला. रस्त्यावर आल्यावर त्याने सायकलवर न बसता ती हातात धरून ओढत नेली.

५

आजी गेल्याचा निरोप आला तेव्हा तळ्याच्या कडेला बर्फ धरायला लागला होता.

अंत्यविधीला बरीच माणसं होती. पांढऱ्या शेवंतीच्या मधोमध तो फोटो, आणि जो तो शिझुओला येऊन सांगत होता की असा फोटो आजवर पाहिला नाही. तोशिए कोपऱ्यात गुडघ्यांवर बसली होती. तिचा चेहरा सुजला होता. शिझुओ जवळ गेला तेव्हा तिने त्याची बाही धरली.

"केव्हा गेल्या ते डॉक्टरांना नक्की सांगता येईना," ती खालच्या आवाजात म्हणाली. "थंडी आहे म्हणून कळलंही नाही, म्हणाले. मोमोसेसान, आम्ही घरातच होतो हो. मी रोज चहा ठेवत होते. रोज. एकही दिवस चुकले नाही मी."

शिझुओला वाटलं, सांगून टाकावं. मी आलो होतो तेव्हा त्या आत होत्या, मला ऐकू आलं होतं. तोंड उघडेपर्यंत दुसरे कुणीतरी पुढे आले आणि त्याची जागा गेली. त्याने ती जाऊ दिली.

त्यानंतर तो ज्यांचे फोटो काढले होते त्यांच्या घरोघरी जायला लागला. फोटोंत दोष राहिलाय, परत द्या, दुसरे काढून देतो, असं म्हणायचा. कुणी द्यायला तयार होईना. एका घरी मुलाने चौकट छातीशी धरली आणि म्हणाला, "यात दोष? मोमोसेसान, हे माझे बाबा आहेत." त्याच्या मागे जिन्यावर पाऊल वाजत होतं, सावकाश, एकेक पायरी. मुलाने वळून बघितलं नाही. शिझुओने बघितलं. जिन्यात अंधूक काहीतरी होतं, कठड्याला धरलेलं. त्याने नमस्कार केला. समोरून नमस्कार झाला की नाही ते त्याला सांगता आलं नसतं.

शेवटी तो कारासावाकडे गेला.

"ही लेन्स कुणाची होती?"

"चिनो गावाकडच्या एका स्टुडिओवाल्याची. तो गेल्यावर घर रिकामं करणाऱ्यांनी पेटीभर माल आणून टाकला. का रे? बुरशी निघाली का आतून?"

"त्याचं कुणी नव्हतं?"

"एकटाच होता म्हणतात. भिंती बायकोच्या न् मुलींच्या फोटोंनी भरलेल्या होत्या. कधी गेल्या, कुठे गेल्या, कुणाला आठवेना." कारासावा एक लेन्स फुंकर मारून पुसत होता. "शेजारीण म्हणाली, चौघांचा भात लावायचा रोज. म्हातारपणी डोकं फिरतं माणसाचं. आपलंही फिरेल."

शिझुओने घरी येऊन ती लेन्स डब्यात घातली, डबा कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. फोडून टाकावी असंही मनात आलं होतं. ते त्याच्याच्याने झालं नाही, आणि का झालं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जन्मभर त्याने साधे, बरे, विसरण्यासारखे फोटो काढले होते. त्या डब्यात होतं ते पुन्हा त्याच्या वाट्याला येणार नव्हतं.

६

पुढच्या वर्षीच्या लोणच्याच्या दिवसांपर्यंत कुलूप तसंच राहिलं.

त्या सकाळी मागच्या अंगणात किनुको लोणच्यासाठी पाल्याच्या जुड्या धूत होती. तळ्याकाठी गरम पाण्याचे झरे आहेत, त्या पाण्यात धुतला की पाला कुरकुरीत राहतो म्हणून ती कॅन भरून आणायची. गार हवेत पाण्याची वाफ उठत होती, ऊन तिच्या पाठीमागून येत होतं. कपाळावर केस चिकटले होते, हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तोंडाने ती काहीतरी पुटपुटत होती, मिठाचा हिशेब असेल.

शिझुओ स्टुडिओच्या मागच्या दारात उभा होता. याआधी आपण हिला अशी पाहिलीच नाही, असं त्याला वाटलं. तो आत गेला. कुलूप काढताना त्याने स्वतःला सांगितलं, नुसतं डोळा लावून बघायचं. बघण्याने काय होतं? कॅमेऱ्यात फिल्म होती. तेही त्याला माहीत होतं.

भिंगातून किनुको दिसली. हिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे, तो कधी आला? ओठांच्या कडेला इतका थकवा आहे, तो कधीचा? वाफेतले उजेडाचे ठिपके गोल गोल होऊन तिच्याभोवती फिरत होते. तिने मान वर केली. त्याच्या हातात काय आहे ते तिला दिसलं. तिला तो डबा ठाऊक होता, तो का बंद आहे ते त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"अखेर सुचलं म्हणायचं," ती म्हणाली. ओल्या मनगटाने तिने केस मागे सारले आणि हसली. लग्नाआधी हसायची तशी.

त्याने बटण दाबलं.

हात चुकून पडला असं तो नंतर म्हणू शकला असता. पण त्याने श्वास धरून ठेवला होता, फोकस नीट केला होता, आणि ती हसण्याची वाट बघितली होती.

फिल्म धुतली नाही तर काही होणार नाही, असं त्याने ठरवलं. तीन-चार दिवस ती खिशात घेऊन फिरला. मग धुतली. धुतली तरी छापली नाही तर काय, असं म्हणाला. मग अंधाऱ्या खोलीच्या लाल दिव्याखाली कागदावर किनुकोचा चेहरा हळूहळू वर आला, तेव्हा तो गुडघ्यांवर बसला आणि त्याला रडू आलं. इतका सुंदर फोटो त्याने जन्मात काढला नव्हता.

७

फोटो त्याने कुणाला दाखवला नाही. टेबलाच्या खालच्या खणात पालथा घालून ठेवला.

"काय झालं माझ्या फोटोचं?" किनुकोने विचारलं.

"हलला तो. खराब आला."

त्या दिवशी ठिपके बुजवताना तिने नेहमीपेक्षा लवकर काम आवरलं.

तिच्याकडे लक्ष द्यायचं, सतत द्यायचं, हा एकच उपाय त्याला सुचला. तो तिच्या मागे मागे फिरायला लागला. स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचा. सारखा तिच्याशी बोलायचा, म्हणजे तिला उत्तर द्यावं लागेल. आधी ती वैतागली, मग हसली, मग म्हणाली, "अहो, मी इथेच आहे. कुठे जातेय?"

पण माणूस किती वेळ बघत राहणार? टपालवाला येतो, फोन वाजतो. परत वळावं तर ती कुठल्या खोलीत आहे ते पटकन कळायचं नाही. कोबी देऊन जाणारी शेजारीण एकदा दारात म्हणाली, "वहिनी दिसत नाहीत बऱ्याच दिवसांत." किनुको त्याच्या शेजारी उभी होती. तिने हात पुढे करून तो कोबी घेतला होता. शेजारणीला वाटलं, शिझुओने घेतला.

दार लावल्यावर किनुको बराच वेळ कोबी पोटाशी धरून उभी राहिली.

"तो फोटो हलला नव्हता," ती म्हणाली. "हो ना?"

त्याने तिला सगळं सांगितलं. ओबिनातांच्या घरातल्या दारापर्यंत सगळं. ती ऐकत होती असं त्याला वाटलं. तिचा चेहरा कसा झाला ते त्याला दिसत नव्हतं. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं, त्यावरचे आकडे स्वच्छ दिसत होते.

"तुम्हाला माहीत होतं," तिचा आवाज आला. "आणि तरी तुम्ही मी हसण्याची वाट बघितलीत."

त्या दुपारी त्याने अंगणात फोटो जाळला, निगेटिव्हही जाळली. काळा धूर निघाला आणि विझला. संध्याकाळी तो हाका मारत घरभर फिरला, तेव्हा तिने तीनदा ओ दिली आहे हे त्याला चौथ्या हाकेला ऐकू आलं.

८

नंतरचे दिवस त्याला नीट आठवत नाहीत. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच, की त्या दिवसांत त्याला बरं वाटत होतं. काम चालू होतं. साधी लेन्स लावून तो मंगळवारी जाऊन यायचा, घरी येऊन भात शिजवायचा, जेवायचा, भांडं धुऊन ठेवायचा. कधी वाटायचं, काहीतरी राहून जातंय. गॅस बंद केला का बघायचा. केलेला असायचा.

मग एका दुपारी, जेवायला बसल्यावर, टेबलावर बोट वाजल्यासारखा आवाज आला. अगदी हलका. त्याने खिडकीकडे बघितलं. वारा नव्हता. हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवून त्याने समोर बघितलं. टेबलावर एकच वाडगा होता. त्याचा.

एकच का?

तो उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. त्याने फळीवर बघितलं. दुसरा वाडगा, निळ्या काठाचा, आपल्या जागी पालथा होता, आणि त्याच्यावर धूळ बसली होती. बोट फिरवलं तर रेघ उठली. किती दिवस झाले असतील? त्याला सांगता येईना. तोशिएसारखंच.

"किनुको," तो म्हणाला. "अगं, किनुको."

घर गप्प होतं.

तो धावत स्टुडिओत गेला. कुलूप काढलं, डबा उघडला. लेन्स कॅमेऱ्यावर चढवताना घाईत खाच सापडेना. मागचं झाकण उघडून त्याने आत फिल्म नाही याची खात्री केली, पुन्हा एकदा केली. मग स्वयंपाकघरात येऊन आपल्या जागी बसला आणि कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला. आधी सगळं धूसर होतं. त्याने बोटांनी फोकस फिरवला.

ती समोरच बसली होती.

फोटोतल्यासारखी नव्हती. केस विंचरलेले नव्हते. गालाची हाडं वर आली होती, ओठ फुटले होते. अंगणात फोटो काढला तेव्हाचाच अंगरखा अंगावर होता. मनगट टेबलावर पडलं होतं आणि त्याचं एक बोट हळूहळू लाकडावर आपटत होतं. ती शिझुओकडे बघत नव्हती. त्याच्या वाडग्याकडे बघत होती. तिच्यामागे खिडकीतला उजेड गोल गोल होऊन स्थिर उभा होता.

त्याने डावा हात पुढे केला, चाचपडत आपला वाडगा धरला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला. काड्याही सरकवल्या. भात गरम होता, वर थोडा पाला होता.

तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलला. एवढं वजनही तिला झेपत नव्हतं. पहिला घास तिने कितीतरी वेळ चावला. गिळताना तिच्या गळ्याची शीर हलली. मग तिने दुसरा घेतला. मग डोळे वर करून भिंगाकडे, सरळ त्याच्याकडे बघितलं. ओठ हलले. आवाज फार लांबून आल्यासारखा आला.

"खाली ठेवू नका."

"नाही ठेवत," तो म्हणाला. "तू जेव. सावकाश जेव."

लेन्स जड होती. कोपर टेबलावर टेकवूनही दंड भरून यायला लागला. तोंडाच्या वाफेने काच पुसट होईल म्हणून तो श्वास रोखून सोडत होता. ती खात होती. वाडगा निम्म्यावर आला, मग तळाला लागला. तिच्या गालांवर जरासा रंग चढला आहे असं त्याला वाटलं, आणि नकळत त्याचा डावा डोळा उघडला.

टेबलाच्या त्या बाजूला, रिकाम्या खुर्चीपुढे, वाडगा ठेवला होता तसाच काठोकाठ भरलेला होता. वाफ निघायची थांबली होती.

उजव्या डोळ्यात किनुकोने शेवटचं शीत काडीने टिपलं आणि वाडगा पुढे केला, आणखी हवा होता म्हणून.

शिझुओने डावा डोळा घट्ट मिटून घेतला आणि एका हाताने भाताचं भांडं शोधायला लागला.